रूट बिअरचे आठ नमुने, पाच जिभा आणि एक स्टीलचा पेला

ताकपिता

गेल्या शनिवारी घरी एक उद्योग केला: रूट बिअर (मुळं-सालींच्या चवीचा अमेरिकन सोडा) आणि तिच्या भावकीतल्या आठ नमुन्यांची आंधळी परीक्षा. बायको म्हणाली, एवढं वहीत लिहून काढलंयस तर मंडळींसमोर टाक. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. चौदा वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाजवळ राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये कोला समजून ग्लास भरून घेतला. पहिल्या घोटाला वाटलं, कोणीतरी यात आयोडेक्स कालवलंय. समोर बॉस बसलेला, थुंकायची सोय नाही. गिळलं. पुढे सहा-सात वर्षं त्या तपकिरी पेयाच्या वाटेला गेलो नाही. मग लेकीच्या शाळेत एकदा रूट बिअरमध्ये व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा टाकून मुलांना दिला. तिने अर्धा टाकला. उष्टं संपवणं हे बापाचं काम. तिथे जी जीभ फिरली ती फिरलीच. आता आमच्या फ्रिजच्या दारात दुधाला जागा मिळत नाही.

यंदा आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आहे. थंडीने घरात कोंडून कंटाळली होती, तेव्हा तिलाही परीक्षकांत बसवलं. बाकी मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि शेजारचा मित्र. मित्राची बायको स्वयंपाकघरातून नंबर घातलेल्या कपांतून ओतून देणार, आम्ही बाहेर बसून गुण देणार. आई प्लास्टिकच्या कपातून काही पीत नाही, त्यामुळे तिला मिरजेहून आलेला स्टीलचा पेला. सगळ्या बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये. दोन कपांच्या मध्ये जीभ साफ करायला बिनमिठाचे कुरमुरे. कागदावर आकडा लिहिल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, हा नियम आईने पहिल्याच मिनिटाला मोडला.

गुण दहापैकी, पाच जणांची सरासरी. तळापासून वर जातो.

मॉक्सी, ३.०. ही खरं तर रूट बिअर नव्हे, पण मुळांचंच पेय. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या डॉ. ऑगस्टिन थॉम्पसन यांनी आधी औषध म्हणून विकलं, 'नर्व्ह फूड' या नावाने, आणि मग त्यात सोडा आला. मेन राज्याने २००५ मध्ये तिला राज्याचं अधिकृत पेय केलं. आत जेन्शन या कडू वनस्पतीचं मूळ असतं. सुरुवातीला गोड लागते आणि घशाखाली उतरताना कडू बोट दाखवून जाते. चौघांनी मिळून आठ गुण दिले, आईने एकटीने सात. म्हणाली, "काडेचिराईत आहे, साखर घातलीय. पोट साफ राहतं." पोटाचे गुण वेगळे मोजायचे नाहीत हे तिला पटलं नाही.

बॉयलनची बर्च बिअर, ५.०. ही सरासरी फसवी आहे. मी ९, लेक ८, मित्र ५, बायको २, आई १. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या कुळातलं झाड, आणि इथल्या गोड बर्चच्या सालीचा वास थेट आयोडेक्सचा. आईने पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "हे गुडघ्याला लावायचं." पेनसिल्व्हेनियात बर्च बिअर लाल, तपकिरी आणि पाण्यासारखी पांढरी अशी तीनही रंगांत मिळते. बॉयलन मात्र शेजारच्या न्यू जर्सीची. १८९१ मध्ये पॅटरसनच्या एका औषधविक्याने सुरू केलेली.

बार्क्स ५.८, ए अँड डब्ल्यू ६.४, आयबीसी ६.६. या तिघी कुठल्याही दुकानात मिळतात, फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की मित्र वर्षानुवर्षं "डब्यातली ए अँड डब्ल्यू ही काय रूट बिअर आहे का" असं ऐकवत आलाय, आणि डोळे झाकून त्याने तिलाच ८ दिले. कागद जपून ठेवला आहे.

अमिश टपरीवरची, ७.०. अमिश म्हणजे जुन्या पद्धतीने साधं जगणारा ख्रिस्ती पंथ. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या बाजूला शेतांमधून रस्ता जातो तिथे त्यांच्या टपऱ्या असतात. प्लास्टिकच्या कॅनमध्ये घरची रूट बिअर, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी. (रविवारी जाऊ नका, बंद.) हिच्यात यीस्ट घालून आंबवून गॅस आणलेला असतो, त्यामुळे बुडबुडे मऊ आणि वासाला किंचित आंबलेल्या पिठाची झाक. आईला नीरा आठवली. गुण सावधपणे घ्या, कारण ही दर कॅनला वेगळी लागते. मागच्या महिन्यातली याहून सरस होती.

व्हर्जिल्स, ७.४. बडीशेपेच्या जातीचा वास, ज्येष्ठमध, लवंग, दालचिनी, जायफळ. बायकोचं मत: पानवाल्याने सोडा काढलाय. मला थोडी जास्तच शहाणी वाटते, पण जेवणानंतर उत्तम.

स्प्रेकर, ८.६. मिलवॉकीची ब्रुअरी, १९८५ ची. मोठ्या किटलीत आचेवर शिजवतात आणि विस्कॉन्सिनचा मध घालतात. फेस असा की मिशी उमटते आणि पुसेपर्यंत टिकते. व्हॅनिला आहे, मध आहे, आयोडेक्स आहे पण मागच्या खोलीत. पाचही जणांनी ८ किंवा वर दिले. आईने पेला दोनदा हुंगला. "हा वास माझ्या ओळखीचा आहे," म्हणाली. "कुठला ते आठवेना." रात्री झोपतानाही तेच. अजून आठवलेलं नाही.

तुमच्या आवडीच्या बाटल्या आणि गुण सांगा. भारतातले सोडेही चालतील.

सुंठसाखर

पहिली मी! फोटो दिसत नाहीत पण मिशी दिसली.

एक बाळबोध शंका. यात दारू असते का? गेल्या वर्षी सासूबाईंनी आमच्या फ्रिजमध्ये "बिअर" वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने डबा फोडून त्यांना पाजला. त्यानंतर चार दिवस अजिबात बोलल्या नाहीत, चव आवडली नाही म्हणून.

ताकपिता

सुंठसाखर, दुकानातल्या रूट बिअरमध्ये नसते. नावाचा घोळ आमच्या गावातला. चार्ल्स हायर्स नावाचा फिलाडेल्फियाचा औषधविक्या मुळं-सालींची पुडी विकायचा, घरी उकळून प्यायची. १८७६ मध्ये इथे अमेरिकेच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे त्याने ही लोकांपुढे आणली. त्याला म्हणे 'रूट टी' म्हणायचं होतं, पण कोळशाच्या खाणीतले कामगार चहा कशाला विकत घेतील? म्हणून 'बिअर'. स्वतः मात्र दारूबंदीवाला! पुढे १८९५ मध्ये दारूबंदीवाल्या बायकांच्याच संघटनेने नावावरून त्याच्यावर बहिष्कार टाकला. काही वर्षांनी प्रयोगशाळेत तपासणी झाली, दारू पावात असते त्याहून जास्त नाही असं निघालं, तेव्हा प्रकरण मिटलं.

म्हणजे तुमच्या सासूबाई ऐतिहासिक परंपरेतल्याच.

खारीबटर

वाचतोय. मुंबईकराकडून गुणपत्रकाला एक जोड:

पालनजी रास्पबेरी, ९. बलार्ड इस्टेटला ब्रिटानिया या इराणी हॉटेलात बेरी पुलाव आणि शेजारी ही लालभडक बाटली. १८६५ पासूनचा कारखाना. खऱ्या रास्पबेरीशी तिचा संबंध किती, हा प्रश्न पारशी माणसाला विचारू नये.
ड्यूकचं लेमोनेड, आठवणीतलं, १०. आठवणीतल्याला नऊ देता येत नाहीत.
रस्त्यावरचा जिरा मसाला सोडा, ७, पण सांडला नाही तर.

कँपातला_पुणेकर

रास्पबेरीचा विषय निघाला आणि पुणं आलं नाही असं होणार नाही. कँपातले अर्देशीर, १८८४. रास्पबेरी, जिंजर, आइस्क्रीम सोडा. यातलं जिंजर हे तिकडच्या अमेरिकन जिंजर एलच्या वरचं आहे. वर्णन करत नाही, पुण्यात या आणि प्या. बाटली परत द्या.

आणि ताकपिता, लेखात गोटी सोड्याचा उल्लेख नाही, हे राहून गेलेलं दिसतंय. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केली. आतल्या गॅसनेच गोटी वर दाबून बसते, बूच लागत नाही. इंग्लंडात ती कधीच संपली. आपल्याकडे आणि जपानात टिकली.

ताकपिता

राहून गेलेलं नाही, रूट बिअरचा धागा आहे. :) पण बरोबर, गोटी दाबायचा तो 'ठॉक' आवाज कुठल्याही पिळायच्या झाकणाला नाही.

तिखटजाळ

कैच्या कै गुण. बार्क्सला ५.८?? आणि ए अँड डब्ल्यू तिच्या वर?

बारा वर्षं लुईझियानात काढली आहेत, म्हणून बोलतो. बार्क्स ही मिसिसिपीतल्या बिलोक्सीची, एडवर्ड बार्क यांनी १८९८ मध्ये काढलेली. ती मुद्दाम कमी फेसाळ आणि धारदार आहे. शिवाय नेहमीच्या बार्क्समध्ये कॅफीन असतं, जे बहुतेक रूट बिअरमध्ये नसतं. ती आइस्क्रीम घालून चाटायची वस्तू नाही, तिखट जेवणाबरोबर प्यायची आहे. गम्बोचा (तिकडचा दाट रस्सा) घोट, बार्क्सचा घोट. तुम्ही कुरमुऱ्यांबरोबर प्यायलात. कोल्हापुरी रश्श्याची परीक्षा ब्रेडबरोबर घेतल्यासारखं झालं हे.

दुसरं, परीक्षा सदोष आहे. मॉक्सी कितवी होती? मॉक्सीनंतर जे प्यायलात त्याचे सगळे गुण रद्द करा.

ताकपिता

मॉक्सी शेवटी ठेवली होती, एवढी अक्कल मित्राच्या बायकोला आहे. पण कुरमुऱ्यांचा मुद्दा मान्य. बार्क्स मिसळीबरोबर पुन्हा घेतो आणि कळवतो.

रसायनवाला

धागा आवडला. आयोडेक्सचं कोडं सोडवतो, कारण माझा धंदा वासांचा आहे.

त्या वासाचं नाव मिथाइल सॅलिसिलेट. गोड बर्चच्या सालीतलं तेल म्हणजे जवळजवळ सगळं हेच. विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या पानांतही हेच. आणि आपल्या दुखण्यावर चोळायच्या मलमांतही हेच. म्हणजे ताकपितांच्या आई चुकल्या नाहीत, त्यांनी रेणू ओळखला. अमेरिकन मुलाला हाच वास आधी च्युइंगगम आणि गोळ्यांमधून भेटतो, म्हणून त्याला तो 'गोड' वाटतो. आपल्याला मुरगळलेल्या पायावरून भेटतो. नाक तेच, पहिली बाटली वेगळी.

मूळ रूट बिअरची मुख्य चव मात्र विंटरग्रीनची नव्हती, ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाची होती. त्यातलं मुख्य द्रव्य सॅफ्रोल. उंदरांना भरपूर देऊन पाहिलं तेव्हा यकृताचा कर्करोग झाला, आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) सॅफ्रोल आणि ससाफ्रासचं तेल खाण्यात वापरायला बंदी घातली. तेव्हापासून कारखान्यांनी विंटरग्रीन, बडीशेप-वर्ग, व्हॅनिला, लवंग यांची बेरीज करून ती चव उभी केली. म्हणून प्रत्येक कंपनीची रूट बिअर वेगळी लागते. मूळ गायक गेल्यावर प्रत्येकाने आपापल्या आठवणीतून चाल लावली.

जाता जाता: जायफळातही सॅफ्रोल थोडंसं असतं. घाबरून श्रीखंड टाकू नका, प्रमाण अगदी कमी.

तिखटजाळ

गम्बोवर ससाफ्रासच्या पानांची पूड घालतात, फिले. ती कशी चालते मग?

रसायनवाला

पानांत सॅफ्रोल नगण्य. मुळाच्या सालीत खूप. आणि फेसाबद्दल ताकपितांनी लिहिलंय म्हणून, तो बहुतेक ठिकाणी युका किंवा क्विलाया या झाडांच्या अर्काने येतो. त्यांत आपल्या रिठ्यासारखी सॅपोनिनं असतात. रिठ्याला फेस का येतो ते आजीला विचारा, तेच उत्तर.

सुंठसाखर

म्हणजे बाम आणि शिकेकाई-रिठा! सासूबाई बरोबर होत्या. हसून हसून पुरेवाट.

गॅरेजवासी

घरी करायचा विचार असेल त्यांनी माझी फजिती वाचा आणि मग ठरवा.

तयार अर्क मिळतो. त्यात साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर शॅम्पेनचं यीस्ट. बाटल्यांत भरून घट्ट बंद करायचं, एक-दोन दिवस घरच्या उबेत ठेवायचं. यीस्ट थोडी साखर खातं, गॅस सोडतं, बाटलीतच सोडा तयार होतो. नगण्य दारूही होते. गॅस पुरेसा झाला की लगेच फ्रिजमध्ये टाकायचं, म्हणजे यीस्ट झोपतं.

मी काय केलं? जुन्या काचेच्या बाटल्या चांगल्या दिसतात म्हणून त्यांत भरल्या. गॅरेजमध्ये ठेवल्या. आणि शुक्रवारी मुलाच्या बास्केटबॉलला निघून गेलो ते रविवारी आलो. सहापैकी चार फुटल्या होत्या. शेजारच्या फळीवर गणपतीचं मखर होतं, गेल्या वर्षीच महिनाभर खपून केलेलं. त्यावर सगळा पाक. वर काचा. आणि मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. घरात कोणी नव्हतं हे नशीब.

तर: पहिल्यांदा करणाऱ्याने प्लास्टिकच्याच बाटल्या घ्या. दाबून बघायची, दगडासारखी घट्ट लागली की ताबडतोब फ्रिज. वाट बघू नका, "अजून थोडा गॅस येऊ दे" हा विचार मनात आला की समजा आता उशीर झालाय.

उरलेल्या दोन बाटल्यांची चव? ६. मखराचे वजा करून २.

सिंगापुरी_मिरची

आमच्याकडचंही ऐका. इथे आणि मलेशियात ए अँड डब्ल्यू म्हणजे लहानपण. मलेशियात १९६३ पासून, सिंगापुरात १९६६ पासून. फ्रीझरमध्ये गोठवलेल्या जाड काचेच्या मगात रूट बिअर. सिंगापुरातली दुकानं २००३ मध्ये बंद झाली, लोक हळहळले, आणि २०१९ मध्ये चांगी विमानतळावर ज्वेल मॉलमध्ये पुन्हा उघडलं तेव्हा रांगा लागल्या. माझा चिनी सहकारी रांगेत उभा राहून आला, आणि मला वाटलं होतं हा माणूस बसचीही वाट बघत नाही.

हिची चुलतबहीण सार्सापरिला, तिला इथे सार्सी म्हणतात. घसा धरला की त्यात मीठ घालून देतात. मी ऑफिसात खोकत होते तर एका आजींनी (सफाईचं काम करतात, सगळ्यांच्या आजी) डबा फोडला आणि चिमूटभर मीठ टाकलं. असा फेस उसळला की अर्धा टेबलावर. राहिलेलं प्यायले. घसा बरा झाला की नाही सांगता येत नाही, पण मीठ घातलेली सार्सी चवीला ८. ताकपिता, तुमच्या आईंना द्या, सोडा-मीठ-लिंबूवाल्या जिभेला पटेल.

गोडघाशा

सगळे मजेत लिहिताय म्हणून मीच वाईट होतो. ए अँड डब्ल्यूच्या ३५५ मिलिलिटरच्या डब्यात साखर ४५ ग्रॅमच्या पुढे आहे. अकरा-बारा चमचे. मला साखर वर्ज्य, म्हणून मी डाएट रूट बिअरवर आलो आणि माझं प्रामाणिक मत असं की सगळ्या डाएट सोड्यांत हीच खपते. तो बामाचा वास कृत्रिम गोडीची कडवट शेपटी झाकतो. डाएट कोलाला ते जमत नाही. ६.५.

आणि उसाची साखर विरुद्ध मक्याचं सिरप हा वाद इथे सुरू करू नका, प्लीज.

कँपातला_पुणेकर

उसाची साखर.

तिखटजाळ

मक्याचं सिरप. (फक्त पुणेकरासाठी.)

काढाप्रेमी

सगळे परदेशी वास हुंगताय, पण हे आपल्याकडे आधीपासून आहे. सार्सापरिला म्हणजे आपलं अनंतमूळ. संस्कृतात सारिवा. ग्रामीण भागात उपळसरी म्हणतात. रक्तशुद्धीसाठी हजारो वर्षं वापरात. युरोपियनांनी इथूनच नेलं.

रसायनवाला

काढाप्रेमी, अर्धं बरोबर. अमेरिकेतलं सार्सापरिला म्हणजे स्मायलॅक्सच्या वेली, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या. स्पॅनिश लोकांनी ती तिकडून युरोपात नेली आणि काय म्हणून विकली माहीत आहे? उपदंशावरचं औषध म्हणून. अमेरिकेच्या औषधकोशातही १८२० पासून १९१० पर्यंत त्याचसाठी होती. अनंतमूळ वेगळ्या कुळातलं, आपलं. उपयोग सारखा दिसला म्हणून इंग्रजांनी त्याला 'इंडियन सार्सापरिला' म्हटलं. कोणी कोणाचं नेलं नाही.

पण तुम्ही उपळसरीचं नाव काढलंत आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. ताकपिता, तुमच्या आईंना स्प्रेकरमध्ये ओळखीचा वास आला ना?

उपळसरीच्या मुळाचा वास ज्या द्रव्याने येतो त्याचं नाव लांबलचक आहे: २-हायड्रॉक्सी-४-मिथॉक्सी बेन्झाल्डिहाइड. व्हॅनिलाचा वास व्हॅनिलिनचा. दोघांत ८ कार्बन, ८ हायड्रोजन, ३ ऑक्सिजन. तेच अणू, बसायच्या जागा वेगळ्या. आणि खरी गंमत पुढे आहे. आयोडेक्सवालं मिथाइल सॅलिसिलेट? त्यातही ८, ८ आणि ३. तिघं सख्खी भावंडं म्हणा, एक आइस्क्रीमच्या दुकानात गेलं, एक मलमाच्या डबीत, एक मिरजेच्या बांधावर राहिलं.

त्यांना उपळसरीचं सरबत देऊन बघा. मी पैज लावायला तयार आहे.

बंगळूरकर_कुलकर्णी

रसायनवाला, __/\__

ताकपिता, दाक्षिणात्य किराणा दुकानात जा आणि 'नन्नारी' सिरप मागा, तेच अनंतमूळ. तमिळमध्ये नन्नारी, आमच्या कन्नडमध्ये सोगदे बेरू. लिंबू पिळून सोड्यात. इथे काही घरांत मुळाचा तुकडा धुऊन माठात टाकतात, पाण्याला असा वास लागतो की दुसरं काही प्यावंसं वाटत नाही. रंगीत, नुसत्या इसेन्सचं सिरप घेऊ नका. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा.

सुंठसाखर

आईंचं काय झालं ते कळेपर्यंत मी या धाग्यावरून हलत नाही.

ताकपिता

मंडळी, उशीर झाला, माफ करा. पहिल्या दुकानात नन्नारी संपली होती, दुसऱ्यात मिळाली.

काल रात्री कोणाला काही न सांगता तीन पेले भरले. एकात स्प्रेकर, एकात नन्नारी-लिंबू-सोडा, एकात सिंगापुरी मिरचींच्या सांगण्यावरून ए अँड डब्ल्यू आणि मीठ. (फेस ओट्यावर. बायकोला अजून कारण सांगितलेलं नाही.)

आईने दुसरा पेला उचलला, तोंडाला लावलाच नाही. नुसता धरून बसली. मग म्हणाली, "उपळसरी." तिच्या माहेरी ऊस तोडायला माणसं यायची, त्यांच्यातली एक म्हातारी बांधावरून मुळं उपटून आणायची आणि पोरांना चघळायला द्यायची. म्हातारीचं नाव तिला आठवेना, ओच्यात माती लागलेली मुळं बांधून आणायची तेवढं आठवतं. सत्तर वर्षांची बाई, मी तिचा मुलगा, आणि ही म्हातारी माझ्या कानावर काल पहिल्यांदा आली.

मग तिने स्प्रेकर पुन्हा हुंगली. "तीच नाही. पण तिच्या घरातली." रसायनवाला, पैज तुम्ही जिंकलात. रेणूंचं मी तिला सांगितलं, तिने "असेल" म्हटलं.

सुधारित गुण, आईपुरते: नन्नारी-सोडा १०, स्प्रेकर ९, मीठवाली ए अँड डब्ल्यू ८ ("हे बरंय, लिंबू पाहिजे"), मॉक्सी ७ कायम. माझ्याकडून नन्नारीला ८.५, लिंबाशिवाय ७. लेकीने ५ दिले, तिला त्यात "मातीचा वास" येतो म्हणाली. तो येतोच.

आणि तिखटजाळ, रविवारी बार्क्स मिसळीबरोबर घेतली. ७.५. जाहीर माफी.

तिखटजाळ

माफी स्वीकारली. आठ द्यायला हवे होते.

रसायनवाला

पैज लावली होती पण कशाची ते ठरलं नव्हतं. एक स्प्रेकर पाठवा.

ताकपिता

पाठवतो. एक अडचण आहे, सल्ला द्या. आईने सगळ्या रिकाम्या बाटल्या धुऊन, लेबलं भिजवून काढून, खिडकीत उलट्या वाळत घातल्या आहेत. दुकानदार परत घेत नाही, आमच्या राज्यात बाटलीचे पैसेही मिळत नाहीत, हे ऐकून ती हबकली. त्या तपकिरी काचेच्या बाटल्या आता मिरजेला जाणार, तेल भरून ठेवायला. दोनच पिळायच्या झाकणाच्या आहेत, बाकींना बूच लागेल. इथे कुठे सुटी बुचं मिळतात का?

कँपातला_पुणेकर

बुचं मिरजेत मिळतील. बाटल्या सामानात मोज्यांत घालून आणा, फुटत नाहीत.